९४ टक्के आणि काकाजींची वही

एमएस्सी भौतिकशास्त्र, शेवटचं सत्र. प्रकल्पाचा विषय: नागपूर परिसरातल्या मोसमी पावसाचे चढउतार आणि त्यामागची कारणं. मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, नोंदी रोजच्या रोज लिही आणि चुकलेलं खोडू नकोस. म्हणून चुकासुद्धा इथेच आहेत.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

विषय का निवडला ते आधी लिहून ठेवते, पुढे आकड्यांच्या गर्दीत विसरायला नको.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. घरात गणपती बसले होते. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत आली. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. बाबांनी आधी आजीला उचलून जिन्यावर नेलं, मग गणपती, मग जे हाती लागेल ते. माझ्या बीएस्सीच्या वह्या गाळात गेल्या.

आठवड्याभराने मोसम संपला आणि देशाचा आकडा जाहीर झाला: जून ते सप्टेंबर ८२० मिलिमीटर, दीर्घकालीन सरासरीच्या ९४ टक्के. त्याच मोसमातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता, ३६ टक्के तूट. काटोलकडून काकाजींचा फोन आला. म्हणाले, "चौऱ्याण्णव म्हणजे चांगलेच मार्क झाले ना बेटा? मंग माही पऱ्हाटी काऊन वाळली?"

मला उत्तर देता आलं नाही. पोळ्याच्या आधी काकाजींच्या वावराला भेगा आणि पोळ्यानंतर आमच्या घरात पाणी, हे दोन्ही त्या ९४ मध्ये बसतं. कसं बसतं ते शोधायचं आहे.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर डेटा उतरवायला बसले. योगायोग असा की भारतीय हवामान विभाग आजच दीडशेव्या वर्षात पाऊल टाकतो आहे. स्थापना १५ जानेवारी १८७५. त्याआधी १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं होतं, १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला होता. अशा संकटांतूनच या देशात पाऊस एका पद्धतीने मोजायला सुरुवात झाली, हे लक्षात राहावं म्हणून लिहिलं.

विभागाचा दैनिक पावसाचा संच १९०१ पासूनचा आहे. देशावर पाव अंशाची जाळी टाकलेली, १३५ गुणिले १२९ म्हणजे १७,४१५ बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला रोजचा पाऊस. दोन बिंदूंमध्ये दक्षिणोत्तर साधारण २८ किलोमीटर. एका वर्षाची एक फाइल, २०२३ पर्यंत १२३ फाइली. नागपूरसाठी २१.२५ उत्तर, ७९ पूर्व हा बिंदू घेतला, काकाजींच्या वावरासाठी त्याच अक्षांशावरचा ७८.५.

आकडा चार बाइटचा आहे, त्यामुळे फाइलीच्या आकारावरूनच लीप वर्ष ओळखता येतं. बरोबर एका दिवसाचे ६९,६६० बाइट जास्त. सगळ्या फाइली अशा तपासल्या. दोन अर्धवट उतरल्या होत्या, पुन्हा घेतल्या.

२१ जानेवारी

देशाची सरासरी उणे आली. पाऊस उणे! दोन तास कोड वरखाली केला. समुद्रावर आणि सीमेबाहेर जिथे मोजणी नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं, मी तेही पाऊस म्हणून बेरजेत धरत होते. ते वगळलं. आता १९७२, २००२, २००९ खाली आणि १९६१, १९८८ वर दिसतात, जसे दिसायला हवेत तसे.

नागपूरच्या बिंदूवर ही चूक कधीच दिसली नसती, कारण तो देशाच्या पोटात आहे. मोठी सरासरी काढून बघितली म्हणून सापडली.

२८ जानेवारी, रविवार

काटोलला जाऊन आले. संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची फुलं धरू लागली आहेत, अंगणापर्यंत वास येतो. काकाजींची पावसाच्या नोंदींची वही हातात घेतली. मला वाटत होतं चार-दोन वर्षांचं काहीतरी असेल. २००२ पासूनचं निघालं. त्या वर्षी जुलै कोरडा गेला, पेरलेलं मातीत जळालं, दुबार पेरणीला बियाण्याचे पैसे उसने आणावे लागले. "तवापासून लिहून राहिलो," म्हणाले. २००२ ते २०२३, बावीस मोसम. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस धरले तर २,६८४ दिवस. मध्ये एकही दिवस सुटलेला नाही. आजोबा गेले त्या दिवशीही एक ओळ आहे: "सकाळी शिरवा. दिवसभर उघाड."

वहीत मिलिमीटर नाहीत. "वीतभर ओल." "झड लागली." "नाला वाहिला." "ढग येऊन गेले." "डवरणी थांबली." आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तारीख टाकलेली, पुढे काहीच नाही, अशी ओळीमागून ओळ. पानंच्या पानं कोरी. मी विचारलं, इथे लिहायचं राहिलं का? म्हणाले, "राहिलं नाही. लिहासारखं काही पडलंच नाही."

परतताना त्यांनी मृग बहाराचं गणित समजावलं, ते इथे हवंच. मे महिन्यात संत्र्याचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. जूनच्या पावसाने ताण सुटला की झाड फुलतं. पाऊस लांबला किंवा शिरव्यावर भागलं तर फूल निघत नाही, आणि त्या बागेचं वर्ष जातं. मागून जुलै-ऑगस्टमध्ये कितीही पडो. म्हणजे जूनच्या त्या दहा-पंधरा दिवसांचं वजन वेगळं आहे, आणि चार महिन्यांच्या बेरजेत ते वजन कुठेच येत नाही.

४ फेब्रुवारी

वहीतल्या शब्दांना आकडे देण्याचं काम. कोरडं किंवा नुसते ढग, ०. भुरभुर, शिरवा, १. वीतभर ओल, २. झड, ३. नाला वाहिला, ४.

मॅडमना दाखवलं. त्यांनी झडीवर बोट ठेवलं. झड दोन दिवस लागते, मोजलं तर पाणी थोडं असू शकतं. नाला तासाभराच्या सरीनेही वाहतो. मी किती वेळ पडला आणि किती पडला या दोन गोष्टी एकाच शिडीच्या पायऱ्या केल्या होत्या. काकाजींनी त्यांची गल्लत कधीच केलेली नाही, शब्दच वेगळे वापरलेत. आता दोन रकाने केले, एक काळाचा, एक पाण्याचा. बावीस मोसम पुन्हा भरायचे.

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस चांगला.

दोन आठवडे वही आणि जाळीतला जवळचा बिंदू जुळत नव्हते. काकाजी "नाला वाहिला" म्हणतात त्या तारखेला जाळीत जेमतेम काही, आणि दुसऱ्या दिवशी तिथे मुसळधार. सुरुवातीला वाटलं वहीच्या तारखा चुकल्या असतील. तसं वाटल्याची आता लाज वाटते.

हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आदल्या सकाळी साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला. काकाजी लिहितात रात्री जेवण झाल्यावर. दहा तारखेच्या संध्याकाळी पडलेला पाऊस त्यांच्याकडे दहाला, विभागाकडे अकराला. वहीची मालिका एक दिवस पुढे सरकवली आणि दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. अगदी तंतोतंत नाही. रात्री उशिराचा पाऊस ते दुसऱ्या दिवशीच्या ओळीत धरतात, आणि तो विभागाच्या तारखेशी आधीच जुळलेला असतो. पण बसल्या.

आणि गंमत म्हणजे आमच्या घरात पाणी शिरलं तो पाऊस दोन्ही हिशेबांनी २३ सप्टेंबरचाच, कारण तो मध्यरात्रीनंतर आणि साडेआठच्या आत पडला.

काकाजींना फोन करून सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आपली वही बरोबर हाय." आहेच.

२ मार्च

आता कारणांकडे. पहिला एल निनो.

प्रशांत महासागराच्या मध्य-पूर्व पट्ट्यात, ५ उत्तर ते ५ दक्षिण आणि १७० ते १२० पश्चिम या चौकोनात, समुद्राचा पृष्ठभाग सरासरीहून अर्धा अंश किंवा जास्त तापला आणि तसाच टिकून राहिला की एल निनो. वर चढणारी गरम, दमट हवा एरवी इंडोनेशियाच्या बाजूला असते, ती पूर्वेला सरकते. मग आपल्याकडे हवा खाली बसते आणि बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतात वेधशाळांचे प्रमुख म्हणून आले. मूळचे गणिती. जगभरच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे कारकुनांकडून हाताने पडताळून घेतले आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका शोधला. शोधत होते मान्सूनचा अंदाज. त्या झोक्याची समुद्राच्या तापण्याशी गाठ हवामानशास्त्रज्ञ बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये घातली.

१९७२, १९८७, २००२, २००९: एल निनोची वर्षं आणि दुष्काळाचीही. तूट अनुक्रमे २४, १९, १९, २२ टक्के. आई १९७२ च्या सुकडीबद्दल आजीकडून ऐकलेलं सांगते. १९८८ ला उलट, ला निना, म्हणजे तोच पट्टा सरासरीहून थंड, पाऊस ११९ टक्के.

माझे आकडे: देशाच्या मोसमी पावसाचा प्रशांतच्या तापमानाशी सहसंबंध ऋण (एक वाढलं की दुसरं घटतं) आणि ठळक. प्रकाशित कामांतही तो उणे ०.५ ते ०.६ च्या घरात असतो. उणे ०.५ चा वर्ग केला की पाव. म्हणजे वर्षावर्षातल्या फरकापैकी पाव हिस्सा एल निनोच्या खात्यावर, उरलेला तीन पाव इतर कुणाच्या तरी. एकट्या नागपूरच्या बिंदूवर संबंध ऋणच, पण आणखी फिकट. हे मनात धरलंच होतं. देशाच्या सरासरीत स्थानिक खळखळ विरते, एका बिंदूत ती सगळी शिल्लक राहते.

१० मार्च

१९९७ अडून बसलं आहे.

विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक, आणि देशाचा पाऊस १०२ टक्के. आलेखात तो ठिपका सगळ्यांपासून दूर, एकटा. त्याचं एक उत्तर १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी दिलं: हिंदी महासागराचा स्वतःचा झोका आहे. आफ्रिकेकडची बाजू तापते, सुमात्राकडची थंडावते, तो धन द्विध्रुव. तेव्हा आपल्याकडे बाष्प वाढतं आणि प्रशांतचा खाली दाबणारा हात काही प्रमाणात सैल होतो. १९९७ ला तो होता. १९९४ लाही. २०१९ ला तर खूपच जोरात. जूनमध्ये ३३ टक्के तूट असूनही मोसम ११० वर गेला. सुलोचना गाडगीळ यांच्या गटाने याच महासागरावरच्या ढगांच्या झोक्याकडे लक्ष वेधलं. पाणी तापलं तरी वर ढग उभे राहतातच असं नाही, म्हणून ढग वेगळे मोजायचे.

मग २०२३ लाही धन द्विध्रुव होता, ऑगस्ट का वाचला नाही? तो तयार व्हायलाच ऑगस्ट उजाडला आणि जोर पुढे धरला. कुमक निघाली होती, वेळेवर पोचली नाही.

मी दोन्ही निर्देशांक एकत्र बसवले. जुळणी सुधारली, थोडी. मी जास्त अपेक्षा केली होती.

२३ मार्च

उद्या होळी, पण हे लिहूनच उठते.

कृष्णकुमार, राजगोपालन आणि केन यांनी १९९९ मध्ये मांडलं की मान्सून आणि एल निनो यांचं नातं अलीकडच्या दशकांत सैल झालं. त्यांनी २१ वर्षांची खिडकी पुढे सरकवत सहसंबंध काढला होता. मी तसाच काढला. नागपूरची रेषा सुंदर वळणं घेत खालीवर जाते. मी तिच्यावर दोन पानं लिहून टाकली, कोणत्या दशकात काय बदललं वगैरे.

मॅडमनी एकच काम दिलं: संगणकाला यादृच्छिक आकड्यांच्या १२३ वर्षांच्या दोन मालिका तयार करायला सांग, ज्यांचा खरा सहसंबंध तू मोजलास तेवढाच आहे आणि कायम तेवढाच राहतो. त्यांवर हीच खिडकी फिरव. फिरवली. हजार वेळा. तशीच सुंदर वळणं. नातं जराही न बदलता.

२१ वर्षांत सहसंबंध अर्थपूर्ण म्हणायला साधारण ०.४३ तरी हवा, १२३ वर्षांत ०.१८ पुरतो. नागपूरची वळणं त्या गोंगाटाच्या पट्ट्यातच राहतात. एका बिंदूवरून नातं सैल झालं असं मी म्हणू शकत नाही. दोन पानं काढली. फाडली नाहीत, इथे मागे जोडली आहेत.

६ एप्रिल

आता मी समुद्र सोडून दिवसांकडे वळले आहे, आणि प्रकल्पाचा जीव इथे आहे असं वाटतं.

नागपूरला पावसाळ्यातला जोराचा पाऊस मुख्यत्वे बंगालच्या उपसागराकडून चालत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. आपण शाळेत अरबी समुद्राची शाखा, सह्याद्री, पर्जन्यछाया असं शिकतो. विदर्भासाठी ती गोष्ट अर्धीच आहे. उपसागराच्या डोक्याशी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशा, छत्तीसगड असं पश्चिम-वायव्येला चालत येतं. त्याच्या चालीत सर्वाधिक पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. म्हणून केंद्र छत्तीसगडच्या उत्तरेवर किंवा पूर्व मध्य प्रदेशावर असताना नागपूरला झोडपतं. पुढे सरकलं की उघाड. मग पुढच्या कमी दाबाची वाट.

ही क्षेत्रं ज्या वाटेने चालतात तो मान्सूनचा आस, कमी दाबाचा लांब पट्टा, राजस्थानपासून उपसागरापर्यंत. आस आपल्या जागी किंवा दक्षिणेला असला की मध्य भारतात पाऊस जोरात. तो उचलून हिमालयाच्या पायथ्याला गेला की तिकडे पूर, तमिळनाडूकडे सरी आणि इथे आभाळ पांढरं. हाच खंड. राजीवन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये खंडाची व्याख्या आकड्यांत बांधली: जुलै-ऑगस्टमध्ये मध्य भारताच्या मान्सून गाभ्याचा पाऊस, प्रमाणित करून (म्हणजे सरासरीपासूनचा फरक नेहमीच्या चढउताराच्या पटीत मोजून), सलग तीन दिवस उणे एकच्या खाली. नागपूर या गाभ्यात येतं.

मी तीच कसोटी लावली आणि खंडाचे दिवस वहीशेजारी मांडले. जाळीतल्या खंडाच्या दिवशी वहीत बहुतेक शून्य. ते अपेक्षित. पण उलट बाजूने बघितलं तेव्हा थांबले. वहीत असे कोरडे तुकडे आहेत ज्यांना आकड्यांचा खंड म्हणता येत नाही. गाभ्यात दुसरीकडे कुठे चांगला पाऊस झाला आणि सरासरी सावरली. काटोलची वावरं मात्र तहानलेली. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, पंधरा दिवस निभावते, उथळ बरड जमीन आठव्या दिवशी माना टाकते. कसोटी एकच, जमिनी दोन.

दुसरी गोष्ट. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९५१ ते २००० चा मध्य भारताचा दैनिक पाऊस तपासला: दिवसाला १०० मिलिमीटर आणि वरचे दिवस वाढले, ५ ते १०० मधले मध्यम दिवस कमी झाले, आणि मोसमी सरासरीत लक्षणीय कल दिसला नाही. एकाने खाल्लं, दुसऱ्याने भरलं, बेरीज जागच्या जागी. मी हे वाचलं तेव्हा मला आमचा तळमजला आणि काकाजींची कोरी पानं एकदम आठवली. दोघं एकाच वाक्यात होती.

एका रात्रीवरून मी हवामानबदल सिद्ध करणार नाही. पण शंभर मिलिमीटर चार तासांत पडले काय आणि दहा दिवसांत पडले काय, टक्क्यांना ते सारखंच. पऱ्हाटीच्या मुळाला नाही. नाग नदीलाही नाही.

१६ एप्रिल

काल हवामान विभागाचा मोसमाचा पहिला अंदाज आला: १०६ टक्के, पाच टक्के इकडेतिकडे. कारणं: एल निनो ओसरतो आहे, मोसमाच्या उत्तरार्धात ला निनाची शक्यता, द्विध्रुव धन राहण्याची शक्यता, आणि उत्तर गोलार्धात बर्फाचं आच्छादन सरासरीहून कमी. शेवटचं वाचून आनंद झाला. विभागाचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातल्या बर्फाचा आणि पावसाचा संबंध मांडला होता, आणि १८८६ चा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज त्यावरच उभा होता. १३८ वर्षांनंतर बर्फ अजून यादीत आहे.

काकाजींना सांगितलं. त्यांचा प्रश्न: "ऑगस्टचं काही म्हणते का?"

११ मे

काल अक्षय्य तृतीया. बुलडाण्यातल्या भेंडवळला घटमांडणी झाली, गावोगाव त्याचीच चर्चा. मातीत घट, भोवती धान्य, मधोमध चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या दिवशी कोणतं किती भिजलं ते बघतात.

घागर झिरपण्याचा आणि बंगालच्या उपसागराचा काही संबंध आहे असं मी मानत नाही. पण ती चार ढेकळं मला दिवसभर सोडत नव्हती. ज्यांनी ही मांडणी रचली त्यांनी मोसमासाठी एक ढेकूळ ठेवलं नाही. चार ठेवली, कारण कास्तकाराला बेरीज नको असते, महिना हवा असतो. काकाजी महिनाभर फोनवर तेच विचारत आहेत.

आपल्या शास्त्राकडे याचं उत्तर हळूहळू येतं आहे. २०२१ पासून विभाग मोसमात पुढच्या महिन्याचा अंदाज आणि कोरडवाहू शेतीच्या मान्सून गाभ्यासाठी वेगळा अंदाज देतो. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यात विषुववृत्तावरून तीस ते साठ दिवसांत पूर्वेकडे फिरणाऱ्या ढगांच्या लाटेचा, मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७१ मध्ये शोधलेल्या, मोठा वाटा असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ती लाट आपल्याला अनुकूल जागी नव्हती. प्रकल्पात हा भाग मला हवा होता तेवढा करता आला नाही, वेळ संपला.

२२ मे

प्रकल्प सादर केला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वहीचा आलेख बघून विचारलं, हा डेटा कुठल्या केंद्राचा? मी सांगितलं, काटोलच्या एका कास्तकाराचा, आणि एक दिवसाच्या सरकण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी तो आलेख पुन्हा लावायला सांगितला.

३१ मे

नवतपा. रात्री अकरालाही भिंती गरम, कुलरच्या वाळ्याला पाणी पुरत नाही. काल नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवलं आणि ती बातमी देशभर गेली. शहरातली इतर काही केंद्रं ४४-४५ च्या आसपास होती. विभागाने खुलासा केला की तो आकडा संवेदकातल्या बिघाडाचा. मला त्या दिवशीची उणे ९९९ ची बेरीज आठवली. शेजारचा आकडा बघितल्याशिवाय कुठलाही आकडा पुढे पाठवायचा नाही, हे मी प्रकल्पात शिकले ते कामाला आलं. घरच्या ग्रुपवर ५६ फिरत होतं तिथे बाकीच्या केंद्रांचे आकडे टाकले.

मान्सून कालच केरळात आणि ईशान्येत एकाच दिवशी दाखल झाला.

८ जून, शनिवार

मृग लागलं. नागपुरात मान्सून अजून यायचा आहे.

काटोलला पर्जन्यमापक घेऊन गेले, माझ्या शिष्यवृत्तीच्या पैशातून घेतलेला. काकाजींनी तो बागेत संत्र्याच्या सावलीत बसवायचा बेत केला होता, उन्हात तडकू नये म्हणून. झाडाच्या पानांवरून गळणारं पाणी मोजलं जाईल, वाऱ्यावरचा पाऊस अडेल, हे समजावलं. मग अंगणापलीकडे मोकळी जागा निवडली, जवळच्या झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब. तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर, पाणसळीने समतल केलं. काकाजींनी स्वतः माती दाबली. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे सांगितल्यावर त्यांनी मनातल्या मनात एकराचा हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे एका मिलिमीटरात एकराले चार हजार लिटर?" बरोबर. विहिरीवरचा पंप तेवढं किती वेळात उपसतो ते त्यांना माहीत आहे, त्यामुळे मिलिमीटर त्यांचा झाला.

पेरणीचंही बोललो. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय बियाणं काढायचं नाही असं कृषी खातं सांगतं. आता ते मोजता येईल. वीतभर ओलही तपासायचीच, ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं.

नवी वही आणली होती. मी रकाने आखले: तारीख, सकाळी साडेआठचं माप, काल संध्याकाळपर्यंत किती, रात्रीतून किती. काकाजींनी पट्टी मागितली आणि उजवीकडे अजून एक रुंद रकाना आखला. मी विचारलं, हा कशाचा?

"मिलिमीटर तुहे," म्हणाले. "हे माहे."

त्यात पहिली ओळ त्यांनी आजच लिहिली: "ढग येऊन गेले."